आपण द्याल ते

माझ्या कन्येने गेल्या वर्षी एके रात्री, जेवणे आटोपून ताटे उचलली जात असता, मला एक प्रश्न विचारला. पंचवीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या मनुष्यास त्याचे उत्तर यावयास हवे होते असे मी म्हणत नाही. परंतु उत्तर येत नसता ते ठामपणे द्यावयास नको होते, हे मात्र खरे. प्रश्न अगदी साधा होता. “बाबा, एका चित्राचे किती मागू?”

ही चित्रे कसली ते प्रथम सांगितले पाहिजे. पुण्याच्या पश्चिमेस बाणेर, सूस, हिंजवडी या बाजूला जो कोणी गेला असेल त्याने ती खचित पाहिली असतील. रस्त्याच्या कडेला पत्र्याचे कुंपण, आत खणलेला खड्डा, आणि कुंपणावर उंच इमारतीचे असे चित्र की जणू ती कालच पुरी होऊन तिच्या गच्च्यांत दिवेही लागले आहेत. वर्तमानपत्रांत त्याखाली ‘संकल्पचित्र’ असे बारीक अक्षरांत छापतात. बिल्डर त्यास ‘थ्रीडी’ म्हणतात. आमची कन्या ‘रेंडर’ म्हणते. ती वास्तुकलेची पदवीधर. पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून तिने एका कार्यालयात तीन वर्षे नोकरी केली, आणि मग आमच्या घरातील मागच्या खोलीत, जेथे पूर्वी माझी जुनी मासिके रचलेली असत तेथे, संगणक मांडून स्वतःचा धंदा सुरू केला. ‘धंदा’ हा शब्द तिचा. मी आपला ‘व्यवसाय’ म्हणत असे. आणि या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे त्यातच पुढील सर्व अनर्थाचे मूळ होते.

असले चित्र यंत्रच काढते, मनुष्यास त्यात फारसे करावयाचे नसते, अशी माझी समजूत होती. तिच्या पाठीमागे खुर्ची टाकून दोन रात्री बसल्यावर ती नाहीशी झाली. वास्तुविशारदाकडून येतात त्या नुसत्या रेघा. त्यांवरून ती एकेक भिंत उभी करते, खिडक्या बसविते, कठडे लावते. मग प्रत्येक पृष्ठभागाला त्याचा पोत द्यावयाचा: काच किती चकाकेल, गिलावा किती खरबरीत दिसेल, लाकडाच्या शिरा कोणत्या दिशेने जातील. मग सूर्य. तो मनास येईल तेथे ठेवून चालत नाही. इमारतीचे तोंड कोणत्या दिशेस, महिना कोणता, वेळ कोणती, हे सांगितल्याशिवाय सावल्या खऱ्या पडत नाहीत. मग पाहणाराचा डोळा कोठे ठेवावयाचा हा विचार. आणि अखेर झाडे, माणसे, मोटारी. एवढे सगळे झाल्यावर यंत्र प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करीत तासचे तास बसते, आणि त्याचा पंखा असा घोंगावतो की आमच्या शेजाऱ्यांनी एकदा गिरणी घातली की काय म्हणून विचारले. सकाळी चित्र तयार होते. मग फोन येतो की बाहेरचा रंग थोडा उबदार पाहिजे.

तर, “किती मागू?” या प्रश्नावर मी म्हणालो, “मागायचे कसले? आपण द्याल ते, असे म्हणावे. काम चांगले असले म्हणजे लोक आपण होऊन योग्य ते देतात.”

हे वाक्य माझे नव्हते. ते माझ्या वडिलांचे होते. तालुक्याच्या गावी ते हेडमास्तर होते, आणि मॅट्रिकला बसणारी मुले पहाटे आमच्या ओटीवर येऊन बसत. त्यांच्याकडून वडिलांनी कधी पै घेतली नाही. दिवाळीला तांदूळ येत, आंबे येत, आणि एकदा एका शेतकऱ्याने गुळाची अख्खी ढेप आणून टाकली ती आम्ही वर्षभर खाल्ली. विद्येचा विक्रय करू नये, हे त्यांचे ब्रीद होते. मीही ते न तपासता उचलले. आजवर व्याख्यानाला गेलो तर शाल आणि श्रीफळ घेऊन परत आलो. आमच्या कपाटात एकोणीस शाली आहेत. एवढ्या थंडीचा प्रदेश पुणे नव्हे, असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त नाट्याचे दोन आचार्य श्रेष्ठत्वासाठी भांडतात, तो प्रवेश माझ्या वडिलांना फार आवडे. त्यांतला गणदास अशा अर्थाचे बोलतो की, ज्याची विद्या केवळ पोटासाठी तो ज्ञानाचा व्यापारी होय. वडील हे सांगताना मान ताठ करीत. त्या प्रवेशाकडे मी पन्नाशी उलटल्यावर पुन्हा वळलो तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी त्यांच्या ध्यानात आली नव्हती किंवा त्यांनी येऊ दिली नव्हती. या दोन्ही आचार्यांना राजाकडून वेतन आहे. ते फुकट का द्यावे, त्यांची झुंज तरी पाहू, अशी टवाळी विदूषक तेथेच करतो. म्हणजे व्यापाऱ्याला हिणविणारा हा गृहस्थ दरमहा पगार उचलीत होता. वडीलही उचलीत होते. मीही उचलतो, महिन्याच्या आरंभी तो बँकेत आपोआप येऊन पडतो, मला कोणापुढे तोंड उघडावे लागत नाही. मोल न सांगण्याचा मोठेपणा ज्यास परवडतो त्याचे मोल दुसऱ्या कोणी आधीच सांगून ठेवलेले असते. परंतु ही अक्कल मला उशिरा आली.

कन्येने माझे ऐकले. पहिले मोठे काम एका बिल्डरचे होते: नव्या स्कीमची तीन चित्रे. तो गृहस्थ वागण्यात अत्यंत गोड. ‘ताई’ याशिवाय बोलत नसे. “पैशांचे काय?” असे त्याने विचारले, तेव्हा हिने पढविल्याप्रमाणे “आपण द्याल ते” म्हटले. त्यावर तो प्रसन्न हसला. त्या हास्याचा अर्थ मला त्या वेळी कळता तर पुढचा दीड महिना टळता. पहिली चित्रे पंधरा दिवसांत गेली. मग झाडे वाढवा, मग झाडे कमी करा, मग आकाश संध्याकाळचे करा, मग भागीदाराला सकाळचेच आवडते. असे नऊ वेळा झाले. ती नऊ वेळा निमूटपणे बसली, कारण दर ठरला नव्हता, म्हणून कामाची सीमाही ठरली नव्हती. आणि आता नाही म्हणावे तर देणारा देईल ते आणखी कमी देईल, ही भीती. अखेर एक पाकीट आले. आत बारा हजार रुपये होते. तिने तास लिहून ठेवले होते. ते एकशे वीस भरले. म्हणजे तासाला शंभर रुपये. त्याच आठवड्यात आमचे वातानुकूलन यंत्र दुरुस्त करण्यास एक तरुण आला, अर्ध्या तासात त्याने ते चालू केले आणि सहाशे रुपये सांगितले. सांगताना तो अडखळला नाही. मी ते दिले, आणि देताना मला वाईटही वाटले नाही. वाईट वाटले ते आत वळून मागच्या खोलीकडे पाहिले तेव्हा.

तथापि पैसे हा या गोष्टीचा लहान भाग आहे. मोठा भाग मला तिने पाकीट आल्यानंतर चार दिवसांनी सांगितला. त्या जागेच्या मागच्या अंगाला उच्च दाबाच्या विजेच्या तारा जातात आणि त्यांचा एक लोखंडी मनोरा कुंपणाला लागून उभा आहे. तिने तो पहिल्या चित्रात दाखविला होता. सातव्या फेरीला निरोप आला की, ताई, तो टॉवर काढून टाका, त्या जागी टेकडी दिसू द्या. ती दोन दिवस काही बोलली नाही. मग काढला. “का काढलास?” असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “बाबा, पैसे आले नव्हते.”

मी जो काही वाचलेला मनुष्य आहे तो त्या क्षणी अगदी निरुपयोगी झाला. तिला मी लहानपणापासून खरे बोलावयास शिकविले, आणि ते शिक्षण पक्के होते. परंतु खोटे दाखवावयास नकार देण्यासाठी जी जमीन पायाखाली लागते ती मी ‘आपण द्याल ते’ या एका वाक्याने काढून घेतली होती. स्थावर संपदेच्या नियमनाचा २०१६ चा कायदा मी दुसऱ्या दिवशी काढून वाचला. त्याच्या बाराव्या कलमात, जाहिरातीतल्या किंवा नमुन्याच्या घरातल्या खोट्या माहितीवर विसंबून ज्याने पैसे भरले त्याचे नुकसान प्रवर्तकाने भरून द्यावयाचे आहे. प्रवर्तक म्हणजे बिल्डर. चित्र काढणारीचा त्यात कोठे उल्लेख नाही. मी हे तिला समाधानासाठी सांगितले. तिला समाधान झाले नाही, आणि होऊ नये हेच बरे.

येथे मला माझ्या वर्गातल्या रस्किनची आठवण झाली, आणि ती सुखाची नव्हती. ‘अन्टू धिस लास्ट’ ही त्याची निबंधमाला १८६० साली ‘कॉर्नहिल मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झाली. गांधींनी ते पुस्तक १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत वाचले, आणि १९०८ साली ‘सर्वोदय’ या नावाने त्याचा सारांश गुजरातीत लिहिला, ही गोष्ट मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगतो. त्या मालेतल्या पहिल्याच निबंधात रस्किनचा असा आग्रह आहे की, कामाचा दर ठरलेला असावा. चांगल्या कारागिराला काम मिळावे, वाईटाला मिळू नये. परंतु अर्ध्या किमतीत काम करून देतो असे म्हणण्याची मुभा वाईट कारागिराला असली की तो चांगल्याला एक तर हुसकून लावतो किंवा त्यालाही अपुऱ्या मजुरीवर आणून बसवितो. हे मी पंचवीस वर्षे फळ्यासमोर उभा राहून समजावून दिले. आणि माझ्या घरात, माझ्याच सल्ल्याने, एक चांगली कारागीर अर्ध्याहून कमी किमतीत बसून शहरातल्या तिच्यासारख्या दहा जणांचे दर पाडीत होती. तो बिल्डर आता त्या दहांना तिचाच आकडा सांगत असेल.

वास्तुविशारदांचे बरे असते. त्यांच्यासाठी १९७२ चा कायदा आहे, परिषद आहे, आणि शुल्काची प्रमाणे त्या परिषदेने छापून ठेवली आहेत. बोट ठेवून दाखविता येतात. त्यांच्यासाठी चित्रे काढणाऱ्यांना असा कागद नाही, आणि त्यांची नावेही सहसा मागे राहत नाहीत. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचा शिल्पकार फ्रेडरिक स्टीव्हन्स हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु १८७८ साली, इमारत पुरी होण्यापूर्वी दहा वर्षे, ती कशी दिसेल हे जलरंगांत दाखविणारा अ‍ॅक्सेल हेग हा स्वीडनमध्ये जन्मलेला चित्रकार कितीजणांस ठाऊक आहे? ऑस्ट्रेलियाच्या राजधानीच्या आराखड्याची स्पर्धा १९१२ साली वॉल्टर बर्ली ग्रिफिनने जिंकली. त्या आराखड्याची रेखीव, सोनेरी झाक असलेली चित्रे त्याची पत्नी मॅरियन माहोनी हिने काढलेली होती. ग्रिफिन पुढे आपल्या लखनौस आला आणि १९३७ साली तेथेच वारला. परवापरवापर्यंत त्या चित्रांची थोरवीही त्याच्याच खात्यावर जमा होत असे. हे मी कन्येला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “नाव नको बाबा, आधी दर ठरवू.”

आणि तिने तो ठरविला. एका रविवारी वही घेऊन बसली. मी शेजारी होतो, पण या वेळी फक्त बेरीज तपासावयास. नोकरीत असती तर मिळाले असते ते पन्नास हजार. संगणक एक लाख ऐंशी हजारांचा, तो तीन वर्षांत जुना होणार, म्हणून महिना पाच हजार. निरनिराळ्या प्रणालींचे भाडे सहा हजार, वीज आणि इंटरनेट चार हजार. आजारपण आणि रिकामे महिने यांसाठी दहा हजार. एकूण पंचाहत्तर हजार. मी लगेच दोनशे तासांनी भागावयास निघालो. पंचवीस दिवस, दिवसाचे आठ तास. तिने माझा हात धरला. त्यातले अर्धे तास फोन, भेटी, अंदाजपत्रके आणि पैशांचे तगादे यांत जातात, त्यांचे कोणी देत नाही, उरले शंभर. तासाला साडेसातशे. बाहेरून दिसणाऱ्या इमारतीच्या एका चित्रास अठरा तास. साडेतेरा हजार.

मी आकड्याकडे पाहत राहिलो. एका चित्राचे साडेतेरा हजार! जो मनुष्य तीन चित्रांच्या बारा हजारांनी लाजला होता तोच एका चित्राच्या साडेतेरांनीही लाजला, यावरून त्याच्या लाजेचा आकड्याशी काही संबंध नव्हता हे उघड आहे.

“मग तासाचाच दर सांग की,” मी म्हणालो. तर त्यालाही तिचा विरोध. हात बसतो तसे तास कमी होतात; आज अठरा लागतात तेथे पुढच्या वर्षी बारा लागतील. तासावर मोल ठेवले तर कसब वाढेल तशी मिळकत घटेल. दर चित्राचाच. आणि चित्र कोठे जाणार यावरही तो बदलणार. कोणा गृहस्थाला आपला बंगला आईवडिलांना दाखवावयाचा आहे, तर कमी. तेच चित्र रस्त्यावर लावून शंभर फ्लॅट विकावयाचे आहेत, तर जास्त. मला यात थोडी लबाडी वाटली. मग आठवले की, पुस्तकातला उतारा वर्गात वाचून दाखविणे आणि तो छापून विकणे यांत आम्ही मास्तरमंडळीही फरक करतो.

“दोन दिवसांचे तर काम, त्याचे एवढे?” असे एकाने तिला ऐकविले, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने व्हिस्लरची कथा सांगितली. याच रस्किनने १८७७ साली व्हिस्लरच्या एका चित्रावर इतकी कडवट टीका केली की त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८७८ च्या नोव्हेंबरात साक्षीच्या वेळी वकिलाने विचारले, दोन दिवसांच्या श्रमाचे आपण दोनशे गिनी मागता काय? व्हिस्लरने उत्तर दिले की, नाही, आयुष्यभर मिळविलेल्या ज्ञानाचे. ही गोष्ट ऐकून वर्गात मुले टाळ्या वाजवितात. कन्या म्हणाली, “मग त्याला मिळाले किती?”

“नुकसानभरपाई एक फार्दिंग. म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. खर्चही मिळाला नाही. पुढच्या वर्षी त्याचे दिवाळे निघाले.”

“मग हे मी क्लायंटला सांगणार नाही,” ती म्हणाली.

तिने त्याऐवजी एक पानभर अटी छापल्या. अर्धी रक्कम कामापूर्वी. चित्राबरोबर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या; तिसरीपासून वेगळा आकार. जागेवर जे उभे आहे ते चित्रातून काढले जाणार नाही. ही शेवटची अट घालताना तिने माझ्याकडे पाहिले नाही, म्हणून मीही काही बोललो नाही.

पहिल्या दोन महिन्यांत चौघांनी पान वाचून पाठ फिरविली. एकाने सांगितले की आता यंत्राला नुसते वाक्य लिहून दिले की ते मिनिटात चित्र काढून देते, तेही फुकट. हे खोटे नाही. तिने स्वतःच असे एक काढून मला दाखविले, आणि ते सुरेख होते. फक्त त्यात इमारत ती नव्हती. सज्जे आठाऐवजी अकरा होते, जिना कोठेच पोचत नव्हता, आणि सावल्या एकाच वेळी दोन दिशांना पडल्या होत्या. ज्यांना कोणतीही सुरेख इमारत चालते ते तिकडे जातील, असे ती शांतपणे म्हणाली. मी इतका शांत नव्हतो. पाचवा आला तो पान वाचून थोडी घासाघीस करून राहिला. त्याच्या जागेशेजारी एक मोकळा भूखंड होता, दुसऱ्याच कोणाच्या मालकीचा. तेथे बाग दाखवा असे त्याचे म्हणणे पडले. तिने अटींच्या पानावरच्या त्या ओळीवर बोट ठेवले. तो उठून गेला. घेतलेल्या रकमेतून झालेल्या कामाचे कापून बाकीची तिने त्याला परत पाठविली. त्या रात्री आम्ही तिघेही जेवताना गप्प होतो; पण मागच्या वर्षीच्या त्या गप्प बसण्यात आणि या गप्प बसण्यात फरक होता. आठ दिवसांनी त्याचाच फोन आला की भूखंड भूखंडच दाखवा.

गेल्या आठवड्यात माझ्याकडेही एक फोन आला. एका प्रकाशकांना इंग्रजी निबंधांच्या दोनशे पानांच्या संग्रहाचे मराठी भाषांतर हवे आहे. पुस्तक माझ्या आवडीचे, प्रकाशक सज्जन. पाच मिनिटे वाङ्मयावर बोलणे झाल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि मानधनाचे विचारले. ‘आपण द्याल ते’ ही तीन अक्षरशः जिभेच्या टोकावर बसलेली पाखरे उडण्याच्या बेतात होती. समोर कन्या चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला.

मी आकडा सांगितला. आवाज थोडा कापला असेल. पानागणिक हिशेब मी आदल्या रात्री तिच्याच वहीत केला होता. पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग ते म्हणाले, “ठीक आहे, सर. यात दुरुस्त्या धरल्या आहेत ना?”

मी फोनवर हात ठेवून कन्येकडे पाहिले. तिने दोन बोटे वर केली.